मुक्या गाड्या

समजा, काउंटरच्या आतल्या बाजूच्या स्टुलावर तुम्ही बसला आहात. बाहेर शटरच्या तोंडाशी दोन दारांची एक गाडी उभी आहे. बुटकी, रुंद टायरांची, उभी असली तरी पळतेय असं वाटावं अशी. मालक काउंटरवर कोपर टेकून म्हणतो, "पुढून जरा ढिली वाटते. वळणावर म्हणेन तिथे गेली पाहिजे. कंपनीचं राहू दे, बाहेरचं काहीतरी भारी टाका."

गाडीचं पुढचं चाक एका लोखंडी आर्मने अंगाला धरलेलं असतं, जसा हात खांद्याला. त्या खांद्याच्या जागी जे बसतं त्याला बुश म्हणतात. मुठीत मावेल एवढी जाडजूड नळी. तुमच्या मागच्या फळीवर तीन जातींचे बुश आहेत. पहिला रबराचा, गाडीबरोबर येतो तसा. खड्डा गिळतो, पण वळणावर थोडा दबतो. दुसरा पॉलीचा, टणक प्लास्टिकसारखा. कमी दबतो, आणि ग्रीस सुकलं की कुरकुरतो. तिसऱ्यात रबर नाही की प्लास्टिक नाही, लोखंडी वाटीत लोखंडी गोळी. तो दबतच नाही. रस्त्यावरचा खडा न खडा स्टेअरिंगवर आणून देतो, आणि तुमच्या मणक्यातही.

निवडा.

बहुतेक जण तिसरा उचलतात. भारी दिसतो, चकाकतो, आणि नाव घेतलं की चारचौघांत बरं वाटतं. वहिनी मात्र आधी काहीच उचलत नाहीत. त्या विचारतात, "रोज कुठल्या रस्त्याने जाता? शेजारी कोण बसतं? आणि पाठ कशी आहे तुमची?" मालक हसतो. त्याला वाटतं, बाई चौकशा करतायत. वहिनी उत्तर मिळेपर्यंत थांबतात. कारण त्यांचा एक नियम आहे: लागेल तितकंच कडक, त्याच्यावर सूतभरही नाही. "कडक व्हायला काय अक्कल लागते?" त्या म्हणतात. "माझ्या सासूबाई होत्याच की."

वहिनी म्हणजे गॅरेजच्या मालकीणबाई. सगळ्यांच्याच वहिनी, अगदी त्यांच्यापेक्षा वयाने मोठ्या गिऱ्हाइकांच्याही. बांगड्या घालत नाहीत, हाताच्या अंगठ्याचं एकच नख वाढवलेलं, आणि त्या नखाला कोणी नावं ठेवलेली चालत नाहीत. ते नख त्यांचं हत्यार आहे. लग्नाआधी त्या रबराचे साचे भरणाऱ्या कारखान्यात तपासणीला होत्या. समोरच्या पट्ट्यावरून माल जायचा आणि त्या नख रोवून सांगायच्या, हा कच्चा, हा जळका, हा पास. यंत्रही होतं, पण यंत्राला रांग लागायची, नखाला लागत नसे.

त्याच कारखान्याच्या दारात एक दिवस एक काटकुळा मेकॅनिक हातात फाटका बुश घेऊन भांडायला आला. म्हणाला, हा तुमचाच माल, वर्षभरात उसवला. वहिनींनी तो हातात घेतला, नख रोवलं आणि म्हणाल्या, "माल आमचा आहे. पण तो बसवताना गाडी हवेत ठेवून नट आवळलेत तुम्ही. चाक जमिनीवर टेकल्यावर आवळायचा असतो. जन्मभर पिळून ठेवलंत बिचाऱ्याला, उसवेल नाही तर काय?" तो मेकॅनिक फाटका बुश खिशात घालून निघून गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला, या वेळी काही फाटलेलं नसताना. गॅरेजमधला वेल्डर, ज्याला सगळे ठिणगी म्हणतात, ही गोष्ट प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतो आणि शेवटी म्हणतो, "लोकांची लग्नं पत्रिकेवर जमतात, आमच्या दादांचं बुशावर जमलं. छत्तीस गुण आणि दोन वॉशर."

त्या मेकॅनिकला लोक ओळंबा म्हणतात. चाकं सरळ करायचं यंत्र गावात यायच्या आधी तो गवंड्याचा ओळंबा आणि सुतळी घेऊन चाकांची रेघ जुळवायचा, म्हणून. शिवाय माणूसही तसाच, जिथे सोडावा तिथे सरळ खाली. तोंडदेखलं बोलणं नाही, उगाच हसणं नाही. पण त्याची खरी ख्याती सुतळीची नव्हती, हातांची होती. तो गाडी घेऊन एक फेरी मारून यायचा, आणि स्टेअरिंगवर ठेवलेल्या दोन तळव्यांतून त्याला गाडीचं पुढचं अंग कळायचं. डावा बॉल जॉइंट झिजलाय. धक्के पचवणाऱ्या उजव्या शॉकरमधलं तेल गेलंय. मागाहून गाडी उघडली की तेच निघायचं.

या दोघांची काम करायची एक पद्धत होती, आणि गॅरेज त्या पद्धतीवर उभं होतं. गाडी आली की आधी वहिनी टायर वाचायच्या. कुठली कड झिजलीय, रबराला करवतीसारखे दाते आलेत का, हात उलटा फिरवला तर कुठे अडतो. वाचून झालं की त्या काही बोलायच्या नाहीत. मग ओळंबा गाडी घेऊन जायचा. परत आला की काउंटरवर दोन्ही तळवे पालथे टेकायचा आणि एका वाक्यात आपलं म्हणणं सांगायचा. त्यानंतर वहिनी आपलं सांगायच्या. दोघांचं जुळलं, तर सामान मागवायचं. नाही जुळलं, तर गाडी लिफ्टवर चढवून उघडायची आणि डोळ्यांनी बघायची. हाताचं खरं की टायरचं, हा वाद घालायचा नाही. उघडायचं.

डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यावर सुट्टीच्या सकाळी वेगाने गाड्या नेणारी हौशी मंडळी लांबून इथे यायची, ती या पद्धतीसाठी. या दोघांचं जुळलं म्हणजे डोळे मिटून जा, असं ती म्हणायची. म्हणायला सोपं आहे. त्या रस्त्याला एका बाजूला कडा आहे.

ओळंब्याची स्वतःचीही एक गाडी होती. छोटी, निळी, भंगारात जाता जाता आणलेली. दोघांनी मिळून ती उभी केली. पुढचे आर्म, बुश, शॉकर, एकेक भाग वहिनींनी निवडलेला आणि ओळंब्याने बसवलेला. रबरच ठेवलं होतं, फक्त चांगल्या प्रतीचं. रविवारी दोघं तिच्यातून निघायची. वहिनी शेजारी बसून डोळे मिटायच्या आणि तो विचारायचा, "सांग, आत्ता काय गेलं खालून?" वहिनी म्हणायच्या, "पांढरा पट्टा." तो म्हणायचा, "जुना पांढरा पट्टा. नवा जाड असतो."

दोन-अडीच वर्षांपूर्वी त्याने ती गाडी विकून टाकली. कोणाला न विचारता. वहिनी चिडल्या तेव्हा एवढंच म्हणाला, "तिच्यात जीव राहिला नाही. मुकी झाली. नवे भाग घालून काय करायचं, माणूस म्हातारं होतं तशी गाडीही होते." वहिनींना वाईट वाटलं, पण त्यांनी ऐकून घेतलं. त्याच्या हातांना आलेला निकाल होता. त्याच्यावर अपील कुठे करणार?

तेव्हापासून दोघांचं जुळेनासं झालं.

एकदम नाही. आधी महिन्यातून एखाद्या गाडीला. टायर म्हणायचे, ठीक आहे. हात म्हणायचे, पुढून मुकी आहे, कडक करायला पाहिजे. पद्धतीप्रमाणे गाडी उघडायला हवी होती. पण गाडी उघडायला अर्धा दिवस जातो, बाहेर चार गाड्या उभ्या असतात, आणि ओळंबा चिडायला लागला होता. "इतकी वर्षं माझा हात चुकला का कधी?" खरोखरच चुकला नव्हता. वहिनी म्हणायच्या, "बरं बाबा, तुमचं खरं." आणि पॉलीचा बुश मागवायच्या. मालकही खूशच व्हायचा. हौशी माणसाला गाडी कडक झाली की सुधारली असंच वाटतं.

असं चालत राहिलं, ते दातांच्या डॉक्टरांची गाडी येईपर्यंत.

दातांचे डॉक्टर गोल, गोरे, घाईत असणारे गृहस्थ. दवाखान्यात दिवसभर वाकून पाठ दुखते, आणि ती विसरायला एक लाल गाडी घेतलेली. वहिनींनी विचारलं, "पाठ?" डॉक्टर म्हणाले, "तिचं नाव काढू नका." वहिनींनी टायर वाचले. आतली कड जरा झिजलेली, बाकी एकसारखं. गाडीची उंची कमी करताना चाकाचा तिरपेपणा कोणी नीट केला नव्हता, एवढंच. शॉकर मात्र थकलेले. नवे शॉकर, चाकांची मांडणी, बास. त्यांनी मनात पक्कं केलं आणि गप्प बसल्या.

ओळंबा फेरी मारून आला. तळवे काउंटरवर टेकले.

"मुकी आहे. पुढचं सगळं मेलंय. लोखंडी गोळीच घाला."

"अहो, डॉक्टर रोज दवाखान्यात जाणार हिच्यातून. शर्यतीला नाही."

"मग मला कशाला फेरी मारायला लावलीस? टायरलाच विचारायचं होतंस."

"त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, बुश जिवंत आहेत."

"टायर म्हणाले!" ओळंबा ठिणगीकडे वळला. "ऐकलंस? आता टायर बोलायला लागले आणि माझे हात खोटे."

ठिणगी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "दादा, मला मध्ये घेऊ नका. मी फक्त चिकटवतो. तुमचं दोघांचं चिकटवणं माझ्या रॉडला जमणार नाही."

डॉक्टर घड्याळ बघत उभे होते. वहिनींनी अर्ध्यावर तोड काढली, शॉकर नवे आणि बुश पॉलीचे. आणि इथेच त्यांनी स्वतःचा नियम मोडला, हे त्यांना तेव्हाच कळत होतं. दोन निकालांच्या मध्ये जे असतं ते तिसरं खरं नसतं. ती नुसती भांडण टाळायची जागा असते.

बुश बसले. ओळंबा फेरी मारून आला आणि म्हणाला, "अजून मुकीच." आठवडाभराने त्याच्याच हट्टाने लोखंडी गोळीचे आर्म आले. ठिणगीने ते बसवले, चाकं जमिनीवर टेकवून टॉर्क पान्याने मोजून नट आवळले. ओळंबा गाडी घेऊन गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"अजूनही काही बोलत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "हिला काय झालंय काय?"

वहिनींनी हातातला चहा काउंटरवर ठेवला. पॉलीच्या बुशाची गाडी एखाद्याला मुकी वाटू शकते, समजा. पण लोखंडी गोळी? तिच्यात दबायला काही नसतंच. ती मुकी असणं म्हणजे घंटेवर हातोडा मारावा आणि आवाज येऊ नये, तसं झालं.

दुसऱ्या दिवशी दातांचे डॉक्टर आले. गाडी घेऊन अर्ध्या वाटेतूनच परत फिरले होते.

"वहिनी, मी लोकांचे दात बसवतो. तुम्ही माझेच हलवलेत."

ठिणगी खोकल्याचं निमित्त करून आत पळाला. वहिनी हसल्या नाहीत. "किल्ली द्या," त्या म्हणाल्या. "मी बघून येते."

त्या फार वर्षांनी स्टेअरिंगवर बसल्या होत्या. गॅरेजच्या गल्लीतून बाहेर पडून रस्त्याला लागेपर्यंतच त्यांची बोटं झिणझिणायला लागली. गटाराच्या झाकणाची कड कळली. डांबराच्या दोन थरांमधला सांधा कळला. पांढरा पट्टा कळला, आणि तो नवा, जाड रंगाचा होता हेही कळलं. गाडी मुकी नव्हती. गाडी ओरडत होती.

त्यांनी ती रस्त्याकडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि तशाच बसून राहिल्या.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. घरी तो गेल्या वर्षीपासून बटणांचे शर्ट घालत नाही. डोक्यातून घालायचे घेतो. म्हणतो, सोपे पडतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो, थंडी नसतानाही. नट सुरू करताना पूर्वी तो डोळे दुसरीकडे ठेवून बोलत असायचा. बोटं आपली आपण आटे शोधायची. आता बॅटरी घेऊन वाकतो, आणि बघून लावतो. या सगळ्याला वहिनींकडे एकच उत्तर होतं: वय. चष्म्याचा नंबर वाढला असेल. पण चष्मा तर बोटांना लागत नाही.

गॅरेजमध्ये परत येऊन त्यांनी भंगाराच्या पेटीतून डॉक्टरांच्या गाडीतून सगळ्यात आधी काढलेले जुने रबरी बुश शोधले. त्यातला एक व्हाइसमध्ये पकडला. मधल्या भोकात टॉमीचा दांडा घालून जोर दिला. बुश थोडा दबला आणि सोडल्यावर नीट जागेवर आला. मग नख रोवलं. रबर जिवंत होतं. कड फुटलेली नाही, आतून सुटलेलं नाही. हा बुश आणखी कितीतरी दिवस चालला असता.

ओळंबा मागे येऊन उभा होता. "काय चाललंय?"

वहिनींना विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं नाही. वेगळंच बोलल्या. "आठवतं, लग्न नवं होतं तेव्हा आपण एक खेळ खेळायचो?"

तो खेळ असा. टेबलावर फडक्याखाली वेगवेगळे बुश ठेवायचे. वहिनींनी नखाने ओळखायचे आणि त्याने बोटांच्या पेरांनी. हरणाऱ्याने भांडी घासायची. भांडी जवळजवळ रोज वहिनीच घासायच्या, म्हणजे खेळाच्या नियमानेसुद्धा.

"आता काय पोरखेळ," ओळंबा म्हणाला.

"घाबरलात वाटतं! आज भांडी तुमच्याकडे येतील म्हणून."

ठिणगीने आतून आवाज दिला, "दादा, खेळा की! वहिनींना एकदा तरी जिंकू द्या."

वहिनींनी दोन बुश घेतले, दोन्ही अगदी एका मापाचे, एकाच बाहेरच्या नळीचे. एक रबराचा, एक पॉलीचा. वरून फडकं टाकलं. ओळंब्याने हात आत घातला. ठिणगी हात पुसत येऊन उभा राहिला, चेहऱ्यावर अजून हसू होतं.

ओळंब्याची बोटं फडक्याखाली हलत होती. एकावरून दुसऱ्यावर, परत पहिल्यावर. तो दाबत होता, चोळत होता. पूर्वी त्याला एक स्पर्श पुरायचा. फडक्याला त्याच्या बोटांचा उंचवटा येत होता आणि जात होता. ठिणगीचं हसू हळूहळू ओसरलं, आणि तो कोणी न सांगता आपल्या मशीनकडे निघून गेला.

"डावा पॉली," ओळंबा शेवटी म्हणाला.

वहिनींनी फडकं काढलं नाही. काढायची गरज नव्हती. डावा रबराचा होता.

त्याने ते त्यांच्या तोंडावर वाचलं. हात बाहेर काढून खिशात घातले. "हल्ली माल तसा येत नाही," तो म्हणाला. "रबरात काय काय मिसळतात. कोणाला ओळखू येणार नाही."

"अहो," वहिनी म्हणाल्या.

"माल खराब आहे, म्हणालो ना."

"अहो, हा बुश आपल्याच फळीवरचा आहे. मी पास केलेला."

तो काउंटरपाशी जाऊन बसला. वहिनी त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं, ठिणगी त्याला "थांबा, येतोय, येतोय" म्हणत होता. ओळंबा म्हणाला, "मला वाटलं गाड्याच बदलल्या. नव्या गाड्या सगळ्या तशाच येतात ना हल्ली, विजेवर चालणाऱ्या स्टेअरिंगच्या. मला खरंच तसं वाटलं गं."

ही चूक दुसऱ्या कोणाची झाली नसती. शिंप्याची बोटं गेली तर सुई टोचते आणि त्याला कळतं. पण ज्याने आयुष्यभर हातांनी गाडीतला दोष शोधला, त्याला हातांत काही आलं नाही की दोष गाडीतच दिसतो. दोष दुसरीकडे शोधायचा त्याला सरावच नाही.

वहिनी त्याला ज्यांच्याकडे घेऊन गेल्या त्या मज्जातंतूंच्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी एक दोन दातांचा लोखंडी चिमटा काढला, तळहातावर आपटला आणि तो गुणगुणायला लागल्यावर त्याचा पाय ओळंब्याच्या बोटाच्या सांध्यावर टेकवला. "कंप कळतोय?"

"ऐकू येतोय."

"ऐकू नका. कळतोय का, ते सांगा."

ओळंब्याने नकारार्थी मान हलवली. डॉक्टर बाई मनगटापर्यंत आल्या, मग कोपरापर्यंत. कोपरावर तो म्हणाला, "हां. आता कळला." वहिनी शेजारच्या खुर्चीत बसून बघत होत्या. बुशाची परीक्षा घ्यावी तशीच परीक्षा होती ती, फक्त आता तपासणारे हातच तपासले जात होते.

डॉक्टर बाईंनी रक्त तपासायला सांगितलं, कामाचं विचारलं. हवेवर चालणारी नट काढायची गन रोज किती वेळ हातात असते? ओळंबा म्हणाला, असते, दिवसभर. किती वर्षं? "मिशा फुटल्यापासून." बाई म्हणाल्या, त्या धक्क्यांनीही असं होतं, आणखी कारणंही असू शकतात, नक्की सगळे रिपोर्ट आल्यावर सांगेन. गन आजपासून बंद. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. मग त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

"असेल महिना," ओळंबा म्हणाला.

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. त्याने भिंतीकडे बघितलं. बाईंनी लिहून घेतलं.

वहिनी त्याला घेऊन घरी निघाल्या. त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. डॉक्टर बाईंना तारीख औषधासाठी हवी होती, वहिनींना गाड्यांसाठी. गेल्या किती महिन्यांत, की वर्षांत, त्याने "मुकी आहे" म्हटलं आणि त्यांनी मान डोलावली? लोखंडी गोळीचा सांधा रोजच्या रस्त्यावर धूळ खातो, झिजतो, आणि वेळच्या वेळी बघितला नाही तर एक दिवस खुळखुळायला लागतो. त्याच्या जोडीला पुढचा आडवा दांडाही जाड बसवला असेल, तर ओल्या रस्त्यावर गाडी वळायचं सोडून सरळ जाते. आणि त्या डोंगराच्या रस्त्यावर सरळ म्हणजे कुठे, हे सगळ्यांना माहीत आहे.

त्यांनी त्या गाड्यांच्या मालकांना फोन करायला सुरुवात केली. "एकदा गाडी दाखवून जा," एवढंच सांगायच्या. कोणी विचारलं, काही झालंय का, तर म्हणायच्या, "आमच्याकडून झालंय. तुमच्याकडून नाही." हे वाक्य पहिल्यांदा बोललं गेलं तेव्हा ओळंबा आतल्या खोलीत उठून गेला. दुसऱ्यांदा नाही गेला. तिसऱ्या फोनला त्याने स्वतःच हात पुढे केला आणि फोन मागून घेतला. "मी ओळंबा बोलतोय," तो म्हणाला. "माझा हात चुकला. गाडी घेऊन या." मग बराच वेळ पलीकडचा माणूस बोलत राहिला आणि ओळंबा नुसता हं हं करत राहिला.

दातांचे डॉक्टर पहिले आले. त्यांना जुने रबरी बुश परत बसवून मिळाले, आणि चाकांची राहिलेली मांडणीही करून मिळाली. सगळं कळल्यावर त्यांनी ओळंब्याचे हात आपल्या हातात घेतले, उलटसुलट करून बघितले, आणि सोडले. त्यांचाही पोटापाण्याचा धंदा हातांचाच होता. जाताना गाडीत बसून थांबले, खिडकीतून म्हणाले, "वहिनी, माझ्या हातांचं असं व्हायला लागलं तर मला कोण सांगेल हो?" ठिणगी म्हणाला, "पेशंट सांगेल, डॉक्टर. बोंबलून." डॉक्टर हसले, पण गेले ते सावकाश गेले.

आता गॅरेजमध्ये पद्धत उलटी झाली आहे. टायर ओळंबा वाचतो. बोटांनी नाही, उजेड आडवा पाडून डोळ्यांनी. फेरी मारायला वहिनी जातात. परत आल्या की काउंटरवर तळवे टेकतात आणि सांगतात. पुष्कळदा जुळत नाही. त्या स्टेअरिंगवर नव्या आहेत, तो टायरवर. मग गाडी उघडतात. आता प्रत्येक गाडी उघडतात, वेळ गेला तरी. गिऱ्हाइकं कमी झालीत. काही रागावून गेली, काहींनी बाहेर काय काय सांगितलं. राहिलेली थांबतात.

आणि बोलावलेल्या गाड्या येत आहेत. एखादी खरंच मेलेल्या बुशाची होती, तिला कडक केलं ते बरोबर होतं. एखादीला काहीच झालेलं नव्हतं. ओळंबा प्रत्येक गाडीशी उभा राहून आठवायचा प्रयत्न करतो, आपण हिला काय म्हणालो होतो आणि तेव्हा हातात काय आलं होतं. वहिनींना एकच हवंय, मागे कुठपर्यंत जायचं ते कळायला. कुठल्या तरी एका गाडीपाशी थांबता आलं पाहिजे. हिच्याआधीच्या सगळ्या नीट, हिच्यानंतरच्या बघायच्या.

परवा दुपारी काम नव्हतं. ठिणगी जेवायला गेला होता. ओळंबा शटरजवळ खुर्ची टाकून बसला होता, हात मांडीवर, जणू कोणी दुसऱ्याने तिथे ठेवून दिलेत असे. रस्त्यावरून एक छोटी निळी गाडी गेली. त्यांची नव्हती, तिच्यासारखी. दोघांनीही मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघितली.

वहिनींच्या मनात ते कित्येक दिवस होतं. त्यांनीच निवडलेलं चांगलं रबर होतं तिच्यात. ती गेली त्या आठवड्यातही त्या शेजारी बसल्या होत्या, डोळे मिटून, आणि त्यांना खालून जाणारा पांढरा पट्टा कळला होता. त्यांना वाटलं होतं, सवयीने कळला असेल. त्याने आयुष्यात फक्त त्याच एका गाडीला "जीव राहिला नाही" म्हटलं होतं, तेही रडवेल्या आवाजात. ती खरंच मेली होती, तर हातांचं सगळं त्याच्या नंतर सुरू झालं असणार, आणि बघायच्या गाड्या थोड्या. पण ती जिवंत होती, तर पहिली गाडी तीच. मग तेव्हापासूनच्या सगळ्या. आणि तीही, कोणातरी अनोळखी माणसाच्या हाताखाली, अजून सगळं सांगत फिरत असणार.

खुर्चीजवळ जाऊन त्या जमिनीवरच बसल्या, त्याच्या पायाशी. त्याचा एक हात उचलून आपल्या हातात घेतला. तो काढून घेतला नाही त्याने. स्पर्श कळला की नाही कोण जाणे.

"रागवायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टर बाईंना काय सांगितलंत ते राहू दे. मला सांगा. आपली गाडी विकलीत ना तुम्ही, तेव्हा तिचं पुढचं खरंच मेलं होतं का हो?"